कोंबड्याच्या पाटीचे दुकान

लुआ आत्या येणार नाही, अशी सगळ्यांनी मनाची तयारी करून ठेवली होती. त्यामुळे ती खरोखरच दारात उभी राहिली तेव्हा थोआच्या हातातली वाफाळत्या चिकट भाताची परात हातातच राहिली. बाहेर हनोईची माघातली भुरभुर चालू होती. पाऊस म्हणावा असे तिच्यात काही नव्हते, फक्त सगळ्या वस्तूंच्या कडा पुसट होत होत्या. आत्याचा मुलगा थिऊ स्कूटर भिंतीला टेकवत होता, आणि ऐंशीच्या घरातली ती लहानखुरी बाई निळ्या प्लास्टिकच्या रेनकोटातून, शेंगेतून दाणा निघावा तशी, बाहेर येत होती.

“या ना आत्या, या. त्वान आजोबांची पूजा व्हायचीच आहे अजून,” थोआ म्हणाली.

“येते. पण श्राद्धाचं जेवायला आलेली नाही, आधीच सांगते. आणि तुझ्या आजेसासऱ्यांना उदबत्तीही लावणार नाही.” आत्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. “मी त्या चित्राचा लाकडी ठसा बघायला आलेय.”

“आई, रस्त्यात आपलं काय ठरलं होतं?” थिऊ मागून कुजबुजला. “आधी चार शब्द विचारपूस करायची म्हणून.”

“विचारपूस तू कर. मी म्हातारी आहे, मला वेळ नाही.”

थोआने परात खाली ठेवली. तिचा नवरा किएम, घराण्याचा कर्ता म्हणून आज रेशमी अंगरख्यात अवघडून बसलेला, उठून उभा राहिला. त्याचा धाकटा भाऊ लाम, काल सायगावहून विमानाने आलेला, उठला नाही, फक्त त्याने सिगारेट विझवली. आत्याच्या येण्याचे कारण दोघांनाही ठाऊक होते. ते समोर भिंतीवरच टांगलेले होते.

उद्या सकाळी प्रदर्शनाची माणसे येणार होती. शहरातल्या जुन्या बाजारगल्ल्यांची छापचित्रे एका छताखाली मांडायची त्यांनी ठरवले होते, आणि हांग त्रोंगचे, म्हणजे या ढोलांच्या गल्लीचे, सर्वांत मोठे चित्र याच घरात त्वान आजोबांनी कोरलेले होते. वर्षअखेरच्या बाजाराची सकाळ. ढोलांना कातडे ताणणारे, छत्र्यांच्या काड्या तासणारे, खांद्यावर कावड घेऊन कमळाचा चहा विकणारी बाई, देवळाच्या पायरीवर न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेले गिऱ्हाईक. आता गल्लीत सोफ्यांची आणि चकचकीत पिशव्यांची दुकाने होती. ढोल फक्त नावात उरला होता. चित्रात मात्र सगळे जागच्या जागी होते. फक्त मधोमध, त्वान आजोबांच्या, पाटीवर मासा असलेल्या दुकानाला लागून, एक पांढरा चौकोन होता. तिथे काहीच छापलेले नव्हते. त्या जागी एके काळी धाकट्या भावाचे, आत्याच्या वडिलांचे, विन आजोबांचे दुकान होते.

आत्याने बांबूच्या नळीतून एक गुंडाळी काढून चटईवर पसरली. तेच चित्र, पण रंग वेगळे, कारण या गल्लीत ठशाने फक्त काळ्या रेषा उमटत आणि रंग बोटांनी, कुंचल्यांनी, घरच्या बायकांनी भरावेत अशी रीत होती. अर्ध्या कागदाला पाणी लागून गेले होते. पण माशाशेजारी दुकान होते, आणि दुकानावर काळी पाटी, आणि पाटीवर पांढरा कोंबडा. तो माशाकडे तोंड करून उभा होता.

“हे भांडणाच्या आधीचं,” आत्या म्हणाली. “कोंबड्याच्या शेजारचा तो हिरवा पडदा मी रंगवलाय. बाहेर गेलाय बघ रेषेच्या. बाबा ओरडले होते.”

“सुंदर आहे,” लाम म्हणाला. “आत्या, मग हेच देऊ या ना उद्या. भांडण मिटलं.”

“कुजलेला कागद देऊ? भीक मागायला आलेय का मी?” आत्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुला माहीत नसेल, तू सायगावचा. बाबांना यंत्रावर रंगीत छापायचं होतं. मोठे काका म्हणाले, यंत्राने रंगवलेलं चित्र म्हणजे रंगवलेलं प्रेत. बाबा घर सोडून नदीपलीकडे गेले. त्या वर्षीच्या बाजारात त्यांनी हे तुमचं चित्र बघितलं, हे पांढऱ्या चौकोनाचं. घरी येऊन म्हणाले, ‘लुआ, दादाने मला गल्लीतून खरवडून काढलं.’ मरेपर्यंत परत नदी ओलांडली नाही त्यांनी.”

स्वयंपाकघरात बांबूच्या कोंबांचे सूप रटरटत होते.

“उद्या हे भिंतीवर लागेल. शाळेची पोरं येतील, बाई काठीने दाखवतील, ही जुनी ढोल गल्ली. मग झालं. माझा बाप त्या गल्लीत कधी नव्हताच. म्हणून मला ठसा बघायचाय. खरवडलं असेल तर पटाशीच्या खुणा असतील. असल्या तर मी जाते, आणि माझी पोरं-नातवंडं या घराच्या श्राद्धाला पुन्हा येणार नाहीत.”

“आणि नसल्या तर?” थोआने विचारले.

आत्याने परातीकडे पाहिले. “नसल्या तर जेवते. लाल भात केलायस ना?”

*

किएमने आयुष्यभर लाकूड कोरले होते, आणि या एका लाकडाला तो कधी शिवला नव्हता. वडिलांनी अंथरुणावरून माळ्याकडे बोट दाखवून सांगितले होते, की त्या मोठ्या ठशाचे फडके सोडायचे नाही. का, ते त्यांनी सांगितले नाही. किएमने विचारलेही नाही, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटत होते. काही घरांत पैसा वारशाने येतो, काही घरांत नाक. या घरात एक शरम आली होती, आणि ती फडक्यात बांधून ठेवलेली होती. ती बांधलेली असेपर्यंत त्वान आजोबा पितरांच्या वेदीवरच्या तसबिरीतून कठोर पण स्वच्छ दिसत.

“दादा, दाखवू नकोस,” लाम हलकेच म्हणाला. “म्हण, वाळवीने खाल्ला. विषय संपला.”

“वेदीसमोर खोटं बोलायला सांगताय भाऊजी?” थोआ म्हणाली.

“वहिनी, मी घराचं नाव राखायला सांगतोय.”

“आत्या काय दुसऱ्या घरच्या आहेत?” हे ती इतक्या पटकन बोलली, की तिचे तिलाच नवल वाटले. पस्तीस वर्षांच्या संसारात पाहुण्यांसमोर तिने नवऱ्याची बाजू कधी सोडली नव्हती. “अहो, काढा. रोज त्या चौकोनासमोर बसून मी भाजी निवडते. मलाही बघायचंय.”

“किएम,” आत्या म्हणाली, “तू घाबरलायस.”

“हो,” किएम म्हणाला.

त्या एका शब्दाने खोलीतला ताण किंचित सैल झाला. आत्याने मान डोलावली, जणू हे उत्तर तिला पुरेसे सभ्य वाटले. मग थिऊने शिडी धरली, लामने निमूटपणे कोट काढून बाह्या दुमडल्या, आणि दोघा भावांनी तो जड ठसा माळ्यावरून उतरवला. तेलकट फडक्याच्या गाठी सुटेनात. थोआने सुरीने कापल्या.

शाईने काळ्या झालेल्या लाकडात सगळी गल्ली उलटी उभी होती. देऊळ डावीकडचे उजवीकडे गेले होते, न्हाव्याचा वस्तरा डाव्या हातात आला होता. आणि जिथे दुकान असायचे तिथे खड्डा होता. पुसट, खरवडलेली जागा नव्हे. चौकोनी, खोल, काटकोनात कापलेला खड्डा. हाताला सवय असलेल्या माणसाने, शांतपणे, पुरता वेळ घेऊन तो कापला होता. रागाच्या भरात झालेली गोष्ट एक वेळ माफ करता येते. हे रागाचे काम नव्हते.

“बघितलंस,” लाम पुटपुटला. “सांगत होतो मी.”

थिऊने आईच्या खांद्यावर हात ठेवला. “चल आई. बघितलं ना? जाऊ या.”

आत्या हलली नाही.

*

लुआला उलटी गल्ली सुलट गल्लीपेक्षा जास्त ओळखीची होती. बाबांच्या शेजारी बसून ती शाई घोटत असे तेव्हा समोर नेहमी उलटेच जग असे; बरीच वर्षे तिची अशी समजूत होती, की कागद खोटा आणि लाकूड खरे. तिला कोरणी कधी दिली नाही कोणी. मुलींनी रंग भरायचे. पण पाहायला कोणी बंदी केली नव्हती, आणि तिने पुष्कळ पाहिले होते.

तिने करंगळी खड्ड्यात घातली. तळ गुळगुळीत होता. कडा किंचित आत झुकलेल्या होत्या. मग तिने खड्ड्याभोवती नख फिरवले. तिथे बारीक भोके होती, सुईने टोचल्यासारखी, आणि ती खड्ड्याच्या अगदी काठापाशी येऊन थांबत होती.

“किएम, चष्मा दे तुझा.”

“आत्या, माझा नंबर—”

“दे रे.”

तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“एखादी गोष्ट छापायला नको असेल तर तू काय करतोस?”

“वरच्या वर तासतो. रेषा उडाल्या की शाई लागत नाही.”

“किती खोल?”

“खोल कशाला? नखभर पुष्कळ झा—” किएम थांबला. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने स्वतःचे बोट तिच्या बोटाशेजारी खड्ड्यात घातले. बराच वेळ त्याने ते तिथेच ठेवले. “हे खरवडलेलं नाही,” तो म्हणाला. “कीड लागली होती. किडकं लाकूड कापून काढलंय. आणि कडा अशा झुकवल्यात त्या ठिगळ बसवायला. आत्या, हे पुसण्यासाठी केलेलं नाही. इथे नवं लाकूड बसवून पुन्हा कोरायचं होतं.”

“मग कोरलं का नाही?” थिऊने विचारले. तो नदीपलीकडे मोटारींचे टायर विकत असे, आणि भुकेला होता. “कापायला वेळ होता, कोरायला नव्हता?”

प्रश्न बरोबर होता, आणि लुआने नुकतीच धरलेली फांदी पुन्हा हातून निसटू लागली. किडके काढणे हा धंदा झाला; परत न बसवणे हे मन झाले. तिने चष्मा काढून किएमला दिला. तेवढ्यात तिला दिसले, की थोआ तोंडावर हात धरून वेदीकडे पाहते आहे.

“काय ग?”

“आत्या, उदबत्तीच्या भांड्याखाली एक लाकडाचा तुकडा आहे. चौकोनी. सासूबाई म्हणायच्या, आजेसासऱ्यांनी स्वतः ठेवलाय, हलवायचा नाही. मला वाटायचं भांडं डुगडुगतं म्हणून पाचर लावलीय.” तिने बोटांनी हवेत माप दाखवले, मग तीच बोटे खड्ड्यावर धरली. बोटे बरोबर काठांवर टेकली.

“उचला मग!” लाम उठला.

“खाली बस,” लुआ म्हणाली. “पितरांचं भांडं असं उचलतात? तुमच्या सायगावात उचलत असतील. विचारावं लागतं.”

थोआने बशी आणली आणि एका अंगाला चुना फासलेली दोन तांब्याची नाणी. किएमने तीन उदबत्त्या लावल्या, हात जोडले, आज्ञा मागितली आणि नाणी बशीत टाकली. एक पांढरे आणि एक काळे पडले तरच पितरांचा होकार. दोन्ही पांढरी पडली.

“पितर हसताहेत आपल्याला,” थोआ कुजबुजली.

“हसायला काय झालं?” थिऊ म्हणाला. “सूप आटतंय तिकडे.”

किएमने पुन्हा टाकली. दोन्ही काळी. नाही म्हणजे नाही. त्याने लामकडे पाहिले. लाम पहिल्यांदाच गंभीर झाला होता.

लुआ उठली. गुडघ्यावर हात टेकून, कोणाचा आधार न घेता, ती वेदीसमोर गेली. तसबिरीतले मोठे काका तिने लहानपणी पाहिले होते तसेच होते: मोठे कान, आणि काहीतरी सांगायचे राहून गेल्यासारखा ओठ. या माणसाशी ती जन्मभर मनातल्या मनात भांडली होती. तोंडाने हाक मात्र, नदीपलीकडे गेल्यापासून, एकदाही मारली नव्हती.

“मोठे काका,” ती म्हणाली. “मी विनची लुआ. पडदा रेषेबाहेर रंगवायची ती. माझ्या बाबांचं काही ठेवलं असेल तुम्ही, तर न्यायला आलेय.”

नाणी बशीत बराच वेळ गरगरली. एक पांढरे पडले. दुसरे काठाला लागून कलंडले, काळे.

किएमने दोन्ही हातांनी भांडे उचलले आणि थोआने खालचा तुकडा काढून घेतला. भांडे परत ठेवल्यावर ते सरळ बसले. त्याला पाचरेची गरज कधी नव्हतीच.

*

तुकड्याची खालची बाजू शाईला कधीही शिवलेली नव्हती. लाकूड मधासारखे पिवळे राहिले होते, आणि त्यात दुकान होते: कौले, पडद्याच्या सुरकुत्या, उंबऱ्यावर ठेवलेला खडावांचा जोड. आजोबांनी कोरलेले इतके बारीक काम किएमने दुसऱ्या कुठल्याच ठशात पाहिले नव्हते. फक्त पाटी कोरी होती. सपाट, गुळगुळीत, कोंबड्याविना.

“अर्धवट राहिलं,” लाम म्हणाला.

“नाही रे.” आत्या तुकडा दिव्याकडे धरून पाहत होती. “आपल्या सगळ्या ठशांवर कोंबडा बाबाच कोरायचे. काका मासा कोरायचे, बाबा कोंबडा. एकमेकांच्या पाटीला हात लावायचा नाही. काकांनी सगळं दुकान उभं केलं आणि पाटी कोरी ठेवली. बाबांच्या हातासाठी.”

“म्हणजे वाट बघत होते,” थोआ म्हणाली.

“बाजार तोंडावर आला, तोवर बाबा आले नाहीत. तसंच छापलं असेल. आणि बाबांनी तेच बघितलं.” आत्याने डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले, भुरभुरीतून आलेल्या माणसाचा चेहरा तसाही ओलाच असतो. “पण मग निरोप का नाही पाठवला?”

“थोरले होते,” किएम म्हणाला. “आधी कसे बोलणार?”

“आणि धाकटा आधी कसा येणार.” तिने तसबिरीकडे पाहिले. “दोघेही गाढव.”

“आत्या!” थोआने घाईने वेदीला हात जोडले.

लाम मोठ्याने हसला. मग थिऊ हसला, आणि किएमला जाणवले, की आपल्या छातीतले काहीतरी, जे छातीचाच भाग आहे असे आपण समजत होतो, ते उतरून खाली ठेवले गेले आहे. त्याने तसबिरीकडे पाहिले. आजोबा अजून कठोरच दिसत होते. पण आता ती कठोरता एखाद्या लाजऱ्या माणसाची वाटत होती. त्याने आपली बारीक कोरणी आणली आणि मूठ आत्याकडे करून पुढे धरली.

“मला?” आत्या म्हणाली. “मला कोणी शिकवलं नाही.”

“इथे दुसऱ्या कोणाचा हात चालणार नाही.”

ती खिडकीपाशी बसली. थिऊने तुकडा घट्ट धरला, थोआने दिवा. किएम शाई कालवायला आणि सरस तापवायला आत गेला. मुद्दामच गेला, कारण शिकाऊ हातावर जाणत्याची नजर जड होते. आतून त्याला आवाज येत होते.

“आई, माझं बोट आहे ते.”

“मग हलव ना. तुरा काढतेय मी.”

“तुरा आहे? मला वाटलं पाय.”

तो बाहेर आला तेव्हा कोंबडा तयार होता. मोजक्या रेघांचा, जाड मानेचा, जरासा बदकाकडे झुकणारा. किएमने ठिगळाच्या कडांना सरस लावला आणि ते खड्ड्यात दाबले. इतक्या वर्षांनी लाकूड लाकडात शिरताना एक बारीक चरचर झाली. आणि त्याच क्षणी त्याच्या सरावलेल्या डोळ्यांना काहीतरी दिसले. तो थबकला. त्याने आत्याकडे पाहिले. ती पोरीसारखी पुढे झुकून बसली होती. मग त्याने शाईचे भांडे पुढे ओढले.

शाई लागली. थोआने ‘दो’ झाडाच्या सालीचा कागद दोन्ही टोकांना धरून अलगद ठेवला, आणि किएमने वाळक्या घोसाळ्याच्या जाळीने तो पाठीमागून चोळला: देऊळ, छत्र्या, न्हावी, मासा, मग सावकाश, गोल गोल, ते शेजारचे दुकान. कागद उचलला. सगळे पुढे वाकले.

गल्ली भरलेली होती. चौकोन नव्हता. काळ्या पाटीवर पांढरा कोंबडा उभा होता, आणि त्याने माशाच्या दुकानाकडे चक्क पाठ केली होती.

थिऊने चटईवरच्या जुन्या चित्राकडे पाहिले, मग नव्याकडे. “आई, हा उलटा झाला.”

आत्याने दोन्ही कागदांवरून नजर फिरवली. “कागदावर बघितला तसा कोरला मी. डावीकडे तोंड. लाकडावर उजवीकडे कोरायला हवा होता…” तिने कपाळावर हात मारला. “आणि तुला दिसलं नाही, किएम? एवढा मोठा कोरक्या तू!”

“दिसलं.”

“मग?”

किएमने नुसते चित्राकडे बोट दाखवले. आत्या पुन्हा चित्राकडे वळली. त्या जाडमानेच्या, पाठमोऱ्या कोंबड्याकडे ती पाहत राहिली, आणि तिचे खांदे हलू लागले. थोआ घाबरून पुढे झाली, तेव्हा कळले की ती हसते आहे.

“बाबाच हे,” ती म्हणाली. “एवढी वाट बघायला लावली, परत आले, आणि अजून रुसलेलेच.”

“उद्या सकाळपर्यंत दुसरं ठिगळ करतो, आत्या. अवघड नाही.”

“हात तर लावून बघ! शेजारी आले ना? तोंड कुठे का असेना.” तिने ओल्या चित्राची कड एका बोटाने सरळ केली. “हेच द्या त्या लोकांना. पडदा मी रंगवीन, हिरवा. या खेपेला रेषेच्या आत.”

मग तिने स्वतः उठून तीन उदबत्त्या पेटवल्या आणि मोठ्या काकांच्या भांड्यात खोचल्या. एक जरा वाकडी गेली. ती सरळ करत ती मागे न पाहता म्हणाली,

“थोआ, भात वाढ. गार झाला असेल तरी चालेल.”